रक्तातला रेणू कूस बदलतो

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेच्या पडवीत सकाळी बाक मांडले होते. बाकावर काचेच्या छोट्या नळ्यांचा स्टँड, कापसाची पुडी, स्पिरिटची बाटली आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक पांढरा कागद. त्या कागदावर काळ्या शाईच्या आडव्या रेघा होत्या. मुलींची रांग भिंतीला धरून उभी होती. सिस्टर एकेकीच्या बोटाला सुई टोचत, थेंबभर रक्त नळीतल्या पाण्यासारख्या द्रावणात सोडत, नळी हलवून स्टँडमध्ये ठेवत आणि घड्याळाकडे पाहत. पाचेक मिनिटांनी नळी त्या कागदापुढे धरायची. नळीतून पलीकडच्या रेघा दिसल्या तर मुलगी वर्गात परत. मुलींनीच त्याचा खेळ करून टाकला होता. प्रत्येक जण आपापल्या नळीतून डोळा बारीक करून पाहत होती.

नववीतली एक मुलगी मात्र नळीपाशीच थांबली. "सिस्टर, माझ्या नळीत रेघा दिसूनच नाही राहिल्या."

"थांब बाळा, पाहू दे," म्हणत सिस्टरनी नळी हातात घेतली, पुन्हा एकदा हलवली, उजेडाकडे धरली. द्रावण गढूळ झाले होते, भाताची पेज पातळ करून त्यात कुंकू कालवावे तसे. त्यांनी वहीत नाव लिहिले, नावापुढे खूण केली आणि दुसऱ्या तपासणीसाठी थोडे अधिक रक्त घेतले.

सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीची ही पद्धत आपल्याकडे हजारो गावांत वापरली गेली आहे. तिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. द्रावणातला एक पदार्थ तांबड्या पेशी फोडतो आणि दुसरा, सोडियम डायथायोनाइट, रक्तातला ऑक्सिजन ओढून घेतो. बस्स, इतकेच. निरोगी रक्तातल्या हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेतला तरी ते विरघळलेलेच राहते. सिकलसेलचे हिमोग्लोबिन ऑक्सिजन गेल्याबरोबर एकमेकांना चिकटू लागते आणि द्रावण गढुळते. आता प्रश्न असा, की ऑक्सिजन असताना जे हिमोग्लोबिन सुखाने विरघळून राहिले होते, त्याला ऑक्सिजन जाताच असे काय होते? प्रथिन तेच, त्यातला दोष तोच. मग एका क्षणी निरुपद्रवी आणि दुसऱ्या क्षणी घातक असे का?

त्याचे उत्तर असे, की ऑक्सिजन सोडताना हिमोग्लोबिन आपला आकार बदलते. एवढे एक वाक्य नीट लिहिता यावे यासाठी शास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या खपल्या. त्यांची हकीकत सिकलसेलच्या हकीकतीत पूर्णपणे मिसळून गेलेली आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

प्रथिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डाळ, अंडी, फार तर व्यायामशाळेतल्या मुलांचा पावडरीचा डबा येतो. रसायनशास्त्रज्ञाच्या दृष्टीने प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. वीस प्रकारचे मणी, ठरलेल्या क्रमाने ओवलेले. ही माळ सैल लोंबकळत राहत नाही, तर विशिष्ट पद्धतीने दुमडून तिचा एक गोळा होतो आणि त्या गोळ्याच्या खाचाखोचांत तिचे सारे कसब असते. १८९४ मध्ये एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने कुलूप-किल्लीची उपमा दिली. प्रथिनाची खाच म्हणजे कुलूप आणि तिच्यात नेमका बसणारा रेणू म्हणजे किल्ली. ही उपमा इतकी सोयीची, की आमच्या शाळेच्या पुस्तकात ती होतीच आणि आजच्याही मुलांना ती शिकवली जाते. तिच्यात खोट एवढीच, की लोखंडी कुलूप किल्लीसाठी अंग चोरत नाही. प्रथिन चोरते. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या डॅनियल कॉशलंड यांनी सांगितले, की येणारा रेणू प्रथिनाला आपल्या सोयीने वळवून घेतो. कुलपापेक्षा हातमोज्याची उपमा बरी. हात घातल्यावरच मोज्याला हाताचा आकार येतो. हे त्या काळी अनेकांना पटले नव्हते. पण त्याच्या वीस वर्षे आधी प्राग शहरात एका माणसाने हा प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली चक्क होताना पाहिला होता.

त्याचे नाव फेलिक्स हॉरोवित्झ. १९३८ मध्ये त्याने ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे स्फटिक तयार करून थंड जागी ठेवले होते. जांभळट रंगाच्या षट्कोनी चकत्या. त्यातल्या काही त्याने काचेच्या पट्टीवर घेतल्या, वर पातळ काच ठेवली आणि तो पाहू लागला. काचेच्या कडेने हवा हळूहळू आत शिरत होती. जसजसा ऑक्सिजन पोचत गेला तसतशा त्या जांभळ्या चकत्या विरघळून नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी लालभडक सुयांसारखे स्फटिक उगवले. स्फटिक म्हणजे एकाच मापाच्या विटा शिस्तीने रचून बांधलेली भिंत. भिंत कोसळून निराळ्या घाटाची भिंत उभी राहते याचा अर्थ विटेचाच आकार बदलला. ऑक्सिजनच्या चिमुकल्या रेणूने हिमोग्लोबिनचा हजारो अणूंचा रेणू हलवला होता.

हॉरोवित्झच्या नात्यातला एक तरुण तेव्हा केंब्रिजमध्ये डॉक्टरेटसाठी विषय शोधत होता. मॅक्स पेरुत्झ. जन्म १९१४, व्हिएन्नाचा. १९३६ मध्ये तो इंग्लंडला आला होता आणि पुढच्याच वर्षी हॉरोवित्झशी झालेल्या बोलण्यातून त्याने हिमोग्लोबिन निवडले. या निवडीला त्या काळी वेडेपणा म्हणत. स्फटिकातून क्ष-किरण सोडायचे, पलीकडच्या फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून आतल्या अणूंच्या जागा ओळखायच्या, ही विद्या नवी होती. तिच्या साहाय्याने तोवर उलगडलेले रेणू जेमतेम पन्नास-साठ अणूंचे होते आणि हा गृहस्थ हजारो अणूंच्या रेणूला हात घालत होता. मध्ये महायुद्ध आले. ऑस्ट्रियन म्हणून १९४० मध्ये इंग्रजांनी त्याला शत्रुदेशीय ठरवून अटक केली आणि कॅनडात नेऊन ठेवले. पुढे सोडले, आणि मग त्याच सरकारने बर्फात लाकडाचा लगदा मिसळून तरंगता विमानतळ बांधण्याच्या एका अचाट योजनेवर त्याला कामाला लावले! ती योजना यथावकाश बारगळली. पेरुत्झ हिमोग्लोबिनकडे परतला.

१९५३ मध्ये त्याला युक्ती सापडली. हिमोग्लोबिनला पाऱ्याचा जड अणू चिकटवायचा आणि त्यामुळे फिल्मवरच्या ठिपक्यांत पडणारा फरक मोजायचा. त्या फरकातून हरवलेली माहिती परत मिळवता येते. सप्टेंबर १९५९ मध्ये रेणूचा पहिला ढोबळ नकाशा हाती आला. सुरुवात केल्यापासून बावीस वर्षांनी. १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पेरुत्झ आणि मायोग्लोबिन उलगडणारा त्याचा सहकारी जॉन केंड्र्यू यांना विभागून मिळाले. बावीस वर्षे एकाच रेणूपाशी बसणाऱ्या माणसाला पगार देत राहणारी संस्था आज कुठे सापडेल, असा विचार मनात येतो. दर वर्षी प्रगती-अहवाल मागणाऱ्यांच्या राज्यात पेरुत्झ तिसऱ्या वर्षीच घरी गेला असता.

गंमत अशी, की पारितोषिक मिळाले तेव्हा खरा प्रश्न सुटलेलाच नव्हता. तो नकाशा ऑक्सिजनयुक्त अवस्थेतल्या हिमोग्लोबिनचा होता. हिलरी म्युरहेड या सहकारी संशोधिकेसह पेरुत्झने ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचा नकाशा केला आणि तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हॉरोवित्झच्या फुटणाऱ्या स्फटिकांचा उलगडा होऊ लागला. दोन्ही नकाशांत रेणूच्या चार साखळ्या होत्या, पण त्यांची एकमेकांशी बैठक निराळी होती. ऑक्सिजन नसताना त्यांपैकी दोन साखळ्या एकमेकींपासून अधिक दूर होत्या. फुप्फुस हवा घेतल्यावर फुगते. हिमोग्लोबिन उलट ऑक्सिजन घेतल्यावर आवळले जाते आणि सोडल्यावर सैलावते.

पण हे सारे शरीराला हवे कशाला? वाहूनच न्यायचे तर एखाद्या ताठ, न बदलणाऱ्या प्रथिनाने काय बिघडले असते? इथे थोडे थांबून हमालीचा विचार केला पाहिजे. हिमोग्लोबिनला फुप्फुसात ऑक्सिजन घट्ट पकडायचा आहे आणि स्नायूंत, मेंदूत, आतड्यांत तो सोडायचा आहे. घट्ट पकडणारा हमाल माल उचलतो पण उतरवत नाही. सैल हाताचा हमाल उतरवतो, पण मुळात उचलतच नाही. स्नायूंत साठवणीचे काम करणारे मायोग्लोबिन पहिल्या जातीचे आहे, एकच साखळी असलेले आणि चिक्कू. ते रक्तात फिरले असते तर आपण सारे भरल्या रक्ताने गुदमरून मेलो असतो. बरे, हिमोग्लोबिनशिवाय नुसत्या पाण्यासारख्या रक्तद्रवावर भागवावे तर त्यात लिटरमागे जेमतेम ३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो. हिमोग्लोबिनमुळे तेच प्रमाण सुमारे २०० वर जाते.

निसर्गाने यावर काढलेली तोड अशी, की एकाच हमालाला दोन स्वभाव दिले. कोपनहेगनचे ख्रिस्तियान बोर (अणूच्या रचनेबद्दल नोबेल मिळालेल्या नील्स बोर यांचे वडील) यांनी सहकाऱ्यांसह १९०४ मध्ये दाखवले, की ऑक्सिजनचा दाब वाढवत नेला तर हिमोग्लोबिन सुरुवातीला नाखुशीने ऑक्सिजन घेते आणि थोडा घेतला की मग भराभर घेत सुटते. शिवाय कार्बन डायऑक्साइड वाढला की हातातला ऑक्सिजन सोडून देते. म्हणजे जो स्नायू राबतो आहे, जिथे कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल तयार होते आहे, नेमका तिथेच माल उतरतो. पत्ता सांगावा लागत नाही.

पेरुत्झने १९७० मध्ये या दोन स्वभावांची यंत्रणा मांडली. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांत मिळून ५७४ अमिनो आम्ले, आणि प्रत्येक साखळीच्या कुशीत एक हीम नावाची चपटी तबकडी, जिच्या मधोमध लोहाचा एक अणू. ऑक्सिजन नसताना हा लोहाचा अणू तबकडीच्या पातळीतून किंचित बाहेर आलेला असतो. ऑक्सिजन येऊन बसला की तो आत सरकतो. किती? सेंटिमीटरचा साधारण वीस कोटीवा भाग! पण लोहाला मागच्या बाजूने साखळीचा एक मणी बांधलेला आहे, तो ओढला जातो. त्याच्यासोबत साखळीचा पेड हलतो आणि पेडाबरोबर शेजारच्या साखळीशी असलेला सांधा. पालखी खांद्यावर घेतलेल्या चौघांपैकी एकाने खांदा बदलला की उरलेल्या तिघांना आपापला तोल सावरावा लागतो, तसे हे आहे. ऑक्सिजनविरहित अवस्थेत साखळ्यांना एकमेकींशी जखडून ठेवणारे विद्युतभारांचे काही बंध असतात. ते तुटतात, रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या संदर्भात सुमारे १५ अंशांनी फिरतो आणि रेणू कूस बदलतो. या नव्या बैठकीत उरलेल्या तबकड्यांना ऑक्सिजन पकडणे कितीतरी सोपे जाते. माल उतरवताना हाच क्रम उलटा.

तपशिलांवर नंतर पुष्कळ वाद झाले. फ्रान्सच्या झाक मोनो, जेफ्रिस वायमन आणि झां-पिएर शांजू या त्रयीने १९६५ मध्येच म्हटले होते, की प्रथिनाच्या दोन्ही बैठका आधीपासूनच अस्तित्वात असतात. रेणू त्यांच्यात हिंदोळत असतो आणि ऑक्सिजन फक्त एका बैठकीचे पारडे जड करतो. कॉशलंड यांचे म्हणणे, की एकेक साखळी ऑक्सिजन घेईल तसतशी वळते. हिमोग्लोबिनच्या बाबतीत पहिल्या पक्षाचे पारडे जड ठरले, आणि बहुतेक प्रथिनांत दोन्ही थोडेथोडे खरे असते असे आज मानले जाते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की प्रथिन ही पुतळ्यासारखी वस्तू नाही.

या कूस बदलण्यावर किती गोष्टी अवलंबून आहेत याची यादी करायची तर पुरवणी पुरणार नाही. दोन-तीनच सांगतो. तांबड्या पेशीत बीपीजी नावाचा एक छोटा रेणू असतो. सैलावलेल्या हिमोग्लोबिनच्या मधल्या फटीत तो पाचरीसारखा बसतो आणि रेणूला त्याच बैठकीत रोखून धरतो, त्यामुळे ऑक्सिजन सुटणे सोपे होते. गर्भाचे हिमोग्लोबिन थोडे निराळे असते. त्याच्यात ही पाचर नीट बसत नाही, म्हणून ते ऑक्सिजन अधिक घट्ट धरते. आईच्या रक्तातून बाळाच्या रक्तात ऑक्सिजन जातो तो या फरकामुळे. आणि आपल्या भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात पट्टकादंब येतात ना, हिमालय ओलांडून? त्यांच्याही हिमोग्लोबिनमध्ये मैदानी हंसांच्या तुलनेत काही मणी बदललेले आहेत आणि ते विरळ हवेतही ऑक्सिजन अधिक घट्ट पकडते.

तिसरी गोष्ट कमी रम्य आहे. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू ठेवून आंघोळीला गेलेली माणसे दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचतो. कोंडलेल्या हवेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. रक्तक्षयाने निम्मे हिमोग्लोबिन उरलेली बाई धापा टाकत का होईना, घरकाम उरकते. निम्मे हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेला माणूस मात्र मरणाच्या दारात असतो. कारण कार्बन मोनॉक्साइड चारांतल्या दोन जागा अडवून थांबत नाही, रेणूला घट्ट बैठकीतच खिळवून ठेवतो. मग उरलेल्या दोन जागांवर ऑक्सिजन असूनही तो सुटत नाही. हमाल दाराशी आला आहे, डोक्यावर पोते आहे, पण त्याच्या बोटांची मूठ उघडत नाही.

आता त्या गढूळ नळीकडे परत येऊ.

१९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, त्यावरून आजाराचे नाव. पुढे १९२७ मध्ये लक्षात आले, की ऑक्सिजन काढून घेतला की पेशी वाकतात आणि दिला की सरळ होतात. लायनस पॉलिंगच्या कानावर ही गोष्ट एका डॉक्टरांकडून पडली आणि त्याने लगेच ताडले, की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनमध्ये असणार. १९४९ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते सिद्ध केले. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत दाखवून देण्याची ही पहिली वेळ. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला, पेरुत्झच्याच प्रयोगशाळेत, व्हर्नन इन्ग्रॅमने नेमका दोष शोधला. बीटा साखळीतल्या १४६ मण्यांपैकी सहावा मणी बदललेला. ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बाकी सारे जसेच्या तसे.

हा व्हॅलिन पाण्याला बुजणारा आहे. रेणूच्या पृष्ठभागावर तो एखाद्या खुंटीसारखा बाहेर आलेला असतो. नुसत्या खुंटीने काही होत नाही, तिला अडकायला भोक लागते. ते भोक शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूच्या बीटा साखळीवर असते आणि ते मोकळे होते फक्त ऑक्सिजनविरहित बैठकीत. घट्ट बैठकीत खुंटी त्यात नीट बसत नाही. म्हणजे हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला, आकार बदलला, भोक मोकळे झाले की एकाची खुंटी दुसऱ्याच्या भोकात. दुसऱ्याची तिसऱ्याच्या. बघता बघता चौदा पदरी दोर वळला जातो, पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे पंचवीस कोटींहून अधिक रेणू असतात. मऊ, लवचिक पेशी ताठर विळा होते आणि केसाहून बारीक रक्तवाहिनीत अडकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते. नळीत जे गढूळ दिसले ते हेच दोर.

पुढची गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि गावपातळीवर ती फारशी कोणी समजावून सांगत नाही. ऑक्सिजन सुटल्याबरोबर दोर लगेच वळले जात नाहीत. थोडा उशीर लागतो. तांबड्या पेशीला सर्वांत बारीक वाहिनीतून पार व्हायला साधारण सेकंदभर लागतो. दोर वळायच्या आत पेशी बाहेर पडून फुप्फुसाकडे परतली तर ऑक्सिजन मिळतो, आकार पुन्हा बदलतो, भोक बुजते आणि संकट टळते. बहुतेक पेशी बहुतेक वेळा अशा निसटतात. सिकलसेलचा रुग्ण सेकंदाच्या अंशांवर जगत असतो. हा उशीर किती, हे पेशीतले हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर विलक्षण अवलंबून असते. अमेरिकेत विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी १९७० च्या दशकात मोजून दाखवले, की दाटपणा जरासा वाढला तर उशीर कितीतरी पटींनी घटतो. शरीरातले पाणी कमी झाले की पेशीही सुकतात, हिमोग्लोबिन दाटते आणि ती शर्यत हरली जाते. "भरपूर पाणी पी, उन्हात राबू नको" हा आरोग्यसेविकेचा सल्ला ऐकायला आजीच्या सल्ल्यासारखा वाटतो. त्याच्यामागे इतके काटेकोर गणित उभे आहे. आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामावर किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बाईला तो पाळणे किती कठीण, हेही उघड आहे.

औषधांची कथा याच आकाराभोवती फिरते. हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषध मोठ्या माणसाच्या शरीराला गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा थोडे बनवायला लावते. ते त्या दोरात सामील होत नाही, उलट इतरांच्या मध्ये येऊन उशीर वाढवते. १९९५ मध्ये त्याचा उपयोग मोठ्या चाचणीत सिद्ध झाला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. आजही आपल्याकडच्या रुग्णांचा मुख्य आधार तेच आहे. मग २०१९ मध्ये व्हॉक्सेलोटर आले. त्याची कल्पना थेट पेरुत्झच्या नकाशांतून निघालेली. हिमोग्लोबिनला घट्ट बैठकीतच धरून ठेवायचे, म्हणजे भोक मोकळेच होणार नाही आणि दोर वळणार नाही. रुग्णांच्या रक्तातले हिमोग्लोबिनचे आकडे खरोखरच वाढले. पण घट्ट बैठकीतले हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडत नाही, हे आपण कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत पाहिलेच. मग आकडा वाढून उपयोग काय, अशी शंका काही तज्ज्ञांनी आधीच काढली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने हे औषध जगभरातून मागे घेतले. वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचे आकडे पाहता त्याचा फायदा धोक्याहून अधिक राहिलेला नाही, असे तिने जाहीर केले. नेमके बिनसले कुठे, हे एका वाक्यात सांगण्यासारखे नाही. हिमोग्लोबिनची टक्केवारी म्हणजे आरोग्य, हा आपलाही लाडका समज आहे. दवाखान्यात आपण "एचबी किती?" एवढेच विचारतो. ते माल उतरवते का, हे विचारत नाही.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-दुरुस्तीच्या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी काढून, गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनला बंद करणारी कळ त्यांच्यात निकामी करून त्या परत शरीरात घालायच्या. अमेरिकेतली त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे अठरा कोटी रुपये. हा आकडा गडचिरोलीच्या संदर्भात लिहितानाही संकोच वाटतो.

आपल्या देशात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदवला गेला. पुढे काही वर्षांतच नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातला त्याचा आढळ दाखवला. विदर्भ, नंदुरबार, सातपुड्याचा पट्टा. अनेक आदिवासी जमाती आणि इतरही समाज. जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता तिथे हा दोष टिकला, कारण आईवडिलांपैकी एकाकडूनच तो मिळालेल्या वाहकाला हिवतापाच्या गंभीर रूपापासून संरक्षण मिळते. हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवले. दोघांकडूनही मिळाला तर मात्र आजार. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहाडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. तपासणीनंतर हाती दिलेले कार्ड लग्न जुळवताना पाहायचे, असा सल्ला असतो. तो योग्यच आहे. पण त्या कार्डामुळे मुलींची लग्ने मोडतात आणि मुलांची सहसा मोडत नाहीत, हेही तिथल्या कार्यकर्त्यांकडून ऐकायला मिळते. खुंटी आणि भोक यांत बिचाऱ्या रेणूने कधी स्त्री-पुरुष भेद केलेला नाही.

गढूळ नळी एवढेच सांगते, की सिकलसेलचे हिमोग्लोबिन रक्तात आहे. वाहक की रुग्ण, हे दुसऱ्या तपासणीतून कळते. त्या नववीतल्या मुलीचा अहवाल काही दिवसांनी आला. ती वाहक होती. म्हणजे तिला स्वतःला बहुधा कधी काही त्रास होणार नाही. सिस्टरनी तिला जवळ बसवून हे दोनदा समजावून सांगितले. मग घरात कोण कोण आहे ते विचारले, कारण आता सगळ्यांचेच रक्त तपासायला हवे होते. आई, बाबा, दोन बहिणी आणि एक भाऊ, दीड वर्षाचा.

"त्याला काही होतं का गं?"

"काही नाही जी," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "फक्त हाताची बोटं सुजते मधूमधू. रात्रभर रडत राहते तो."

सिस्टरनी वही पुन्हा उघडली आणि गावाचे नाव विचारले.